पाय बेसवर, हात पुढे

मिरजेत लहानपणी क्रिकेट खेळताना मला कायम स्लिपमध्ये उभं करायचे. झेल बरे टिपायचो एवढंच कारण. मी डावरा. आजीने हातावर चापट्या मारून उजव्या हाताने जेवायला लावलं, पण चेंडू फेकायला डावाच हात पुढे यायचा, तो शेवटपर्यंत तसाच राहिला. त्याच हातामुळे पुढे चौतिसाव्या वर्षी, मिशिगनमध्ये, मला बेसबॉलमधली माझी जागा मिळाली.

२००८ च्या जानेवारीत आम्ही डेट्रॉईटजवळ कँटनला राहायला आलो. त्याच्या महिनाभर आधी इथल्या बेसबॉल संघाने, डेट्रॉईट टायगर्सने, मिगेल कॅब्रेराला फ्लोरिडाहून आणलं होतं. तो व्हेनेझुएलाच्या माराकाय गावचा, तेव्हा जेमतेम २४ वर्षांचा. ऑफिसात जो तो त्याच्याबद्दल बोलत होता. सीझनच्या सुरुवातीला तो थर्ड बेसवर होता, पण एप्रिलमध्येच त्याला फर्स्ट बेसवर हलवलं. तेव्हा मला या दोन जागांतला फरकही कळत नव्हता. पुढे कळलं: चेंडू मारला की बॅटर रनर होतो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे बेस गाठत परत बॅटिंगच्या जागी, होम प्लेटला, आला की रन. तो फर्स्टला पोचायच्या आत तिथल्या फर्स्ट बेसमनने बेसवर पाय ठेवून चेंडू झेलला की तो आउट.

पुढच्या वर्षी एक सहकारी मला रविवारच्या लीगमध्ये घेऊन गेला. तिशीच्या वरचे लोक, लाकडी बॅट, आणि संध्याकाळी सगळ्यांचे गुडघे शेकणं. आमचे मॅनेजर सत्तरीला आलेले, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "कुठल्या हाताने फेकतोस?" डाव्या म्हटल्यावर ते आपल्या ट्रककडे गेले आणि मागून एक जुनं, काळपट पडलेलं मिट, म्हणजे फर्स्ट बेसमनचा ग्लोव्ह, घेऊन आले. म्हणाले, "मग हे तुझं."

कारण साधं आहे. डावऱ्या माणसाला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधली जागा), सेकंड किंवा थर्डवरून फर्स्ट बेसकडे फेकायचं तर सगळं अंग फिरवावं लागतं आणि तेवढ्यात रनर पोचतो. फर्स्ट बेसवर मात्र डावरा हात कामाचा. सेकंडकडे फेकताना वळावं लागत नाही, आणि ग्लोव्ह उजव्या हातात असल्यामुळे आपल्या आणि सेकंड बेसच्या मधला टापू आपोआप झाकला जातो. ज्या हातावर चापट्या खाल्ल्या त्याच हातासाठी या खेळात एक जागा राखून ठेवलेली आहे, हे ऐकून मला खरोखर भरून आलं होतं.

ते मिट हातात घालून मी घरी बराच वेळ बसलो होतो. इतरांच्या ग्लोव्हला बोटं असतात, याला नसतात. लांबट, कडेला जाड, मध्ये खोल खिसा. रोटी भाजायच्या तव्याला मधून दुमडावं तसं ते मिटतं. आतलं चामडं तळहाताच्या जागी पातळ झालेलं. माझ्या आधी किती जणांनी त्यात हात घातला असेल कोण जाणे.

पहिला महिनाभर मला झेलापेक्षा पायांनी छळलं. बॅटरने चेंडू जमिनीवरून मारला की फर्स्ट बेसमनने आधी बेसकडे धावायचं, टाचेने बेस चाचपायचा, फेकणाऱ्याकडे छाती करून उभं राहायचं आणि थांबायचं. हे थांबणं फार कठीण. चेंडू कुठून येतोय ते दिसल्यावरच एक पाय लांब टाकायचा. मी उजव्या हाताने झेलणार, म्हणून उजवा पाय पुढे, डावा बेसच्या कडेला. मी घाईने आधीच पाय ताणून बसायचो. एकदा असा ताणला की माणूस तिथे रुतला. थ्रो दोन फूट बाजूला आला तरी सरकता येत नाही. मॅनेजर ओरडायचे, "बॉल बघ, मग पाय!" आणि पाय बेसच्या मधोमध ठेवला तर धावत येणारा रनर घोट्यावरच पाय देणार. ते मी एकदा अनुभवलं. तीन आठवडे लंगडत ऑफिसला गेलो. तेव्हापासून डावा पाय कडेलाच.

खरी परीक्षा टप्पा पडून येणाऱ्या थ्रोची. शॉर्टस्टॉप पळता पळता फेकतो, चेंडू खाली पडतो आणि नेमका आपल्या पुढ्यात जमिनीतून उसळतो. बेसबॉलमध्ये त्याला शॉर्ट हॉप म्हणतात. मान फिरवली की गेलं. डोळे मिटले की गेलं. आणि एप्रिलमधल्या मिशिगनच्या थंडीत तो हनुवटीवर आदळला तर डोळ्यांतून पाणीच येतं.

याची तयारी माझ्या बायकोने करून घेतली. ती लहानपणी कोल्हापुरात लगोरी खेळलेली, नेम पक्का. रोज संध्याकाळी गॅरेजसमोर ती ४० पावलांवर उभी राहायची आणि रबरी चेंडू माझ्या पायांपुढे टाकायची. ५० चेंडू. पोळ्यांची कणीक मळून ठेवून बाहेर यायची. पहिल्या आठवड्यात ५० पैकी १५-२० माझ्या मिटमध्ये राहायचे. मी चेंडूवर झडप घालायचो. एकदा ती वैतागून म्हणाली, "अहो, तुम्ही त्याला पकडायला का जाताय? तो येतोयच की तुमच्याकडे!" त्या वाक्याने माझं काम झालं. हात जमिनीजवळ उघडा ठेवायचा, चेंडू उसळला की मिट त्याच्या मागोमाग वर येऊ द्यायचं. स्लिपमध्ये आम्हाला सांगायचे, हात मऊ ठेव. तेच हे, फक्त गुडघ्याच्या खाली. ऑगस्टपर्यंत ४० च्या आसपास राहू लागले.

त्यानंतरची अडचण अजूनही पूर्ण सुटलेली नाही. फर्स्ट आणि सेकंडच्या मधून चेंडू येतो. आपण त्याच्यामागे जायचं की बेसवर परतायचं? गेलो तर बेस रिकामा, मग पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, धावत येऊन बेस गाठायचा आणि आपण त्याच्या छातीच्या उंचीवर, त्याच्या एक पाऊल पुढे चेंडू द्यायचा. नाही गेलो आणि सेकंड बेसमनही पोचला नाही तर हिट, म्हणजे बॅटर सुखरूप बेसवर. निर्णयाला वेळ म्हणजे पापणी लवायचा.

२ जून २०१० ची रात्र म्हणून माझ्या डोक्यातून जात नाही. टायगर्सचा पिचर अरमांडो गालारागा क्लीव्हलंडविरुद्ध २६ बॅटर ओळीने आउट करून बसला होता. एक उरला होता. सत्ताविसावाही आउट झाला तर परफेक्ट गेम. तोवर मेजर लीगच्या १३० वर्षांत असे फक्त २० झाले होते. मी सोफ्यावरून उठून टीव्हीसमोर उभा होतो. जेसन डोनाल्डने चेंडू फर्स्ट-सेकंडच्या मध्ये मारला. कॅब्रेरा आपल्या उजवीकडे गेला, चेंडू उचलला, वळून फेकला. गालारागाने धावत येऊन झेलला, पाय बेसवर. रनर अजून पाऊलभर मागे. अंपायर जिम जॉइसने हात पसरले: सेफ, म्हणजे नाबाद.

मी त्या रात्री चुकीच्या निर्णयापेक्षा कॅब्रेराच्या पावलांकडे पाहत राहिलो. त्याने जायला हवं होतं का? सेकंड बेसमनला तो चेंडू घेऊ द्यायला हवा होता का? दुसऱ्या दिवशी ऑफिसात यावर दुपारपर्यंत वाद चालला. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की तो गेला ते बरोबर. चेंडू त्याच्या आवाक्यात होता, थ्रो नीट होता, आउट खरा होता. जॉइसने रीप्ले पाहिल्यावर आपली चूक उघडपणे कबूल केली. पुढच्या दुपारी गालारागा स्वतः संघाचं लाइनअप कार्ड, म्हणजे खेळणाऱ्यांची यादी, घेऊन होम प्लेटपाशी गेला आणि जॉइस डोळे पुसत होता. आमच्या घरात त्या दिवशी कोणी फारसं बोललं नाही.

माझी स्वतःची चूक २०११ च्या जुलैत झाली. शेवटची इनिंग, बरोबरी, थर्डवर रनर. चेंडू हळू, घरंगळत सरळ माझ्याकडे आला. मी वाकलो, मिट गुडघ्यापाशी थांबलं आणि चेंडू पायांमधून मागे गेला. मॅच संपली. समोरच्या डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेतून, कोणीतरी ओरडलं, "बकनर!" आमचे लोक मान खाली घालून पिशव्या भरू लागले.

मॅनेजरनी मला ट्रकच्या मागच्या फळीवर बसवलं आणि बिल बकनरची गोष्ट सांगितली. १९८६ ची वर्ल्ड सिरीज, सहावी मॅच, बॉस्टनचा संघ विजयापासून एका स्ट्राइकवर. मुकी विल्सनने मारलेला घरंगळणारा चेंडू फर्स्ट बेसमन बकनरच्या पायांमधून गेला आणि न्यूयॉर्क मेट्स जिंकले. पण तो चेंडू येण्याआधीच एका वाइल्ड पिचवर, म्हणजे पिचरच्या भरकटलेल्या चेंडूवर, बरोबरी झाली होती, आणि सातवी मॅच अजून बाकी होती. बॉस्टन तीही हरलं. तरी दोष राहिला एका माणसाच्या नावावर. २२ सीझन खेळलेला, २,७१५ हिट्स घेतलेला माणूस. घोटे इतके खराब की खेळायच्या आधी आणि नंतर बर्फात ठेवावे लागायचे. २००८ साली त्याला बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये पहिला चेंडू टाकायला बोलावलं, तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले आणि त्याला डोळे पुसावे लागले. मॅनेजर हे सांगताना स्वतःही मधे थांबले होते.

मग ते उठले, अंधार पडत असताना मला फर्स्ट बेसवर उभं केलं आणि ३० ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे चेंडू, मारले. "मिट आधी मातीला लाव. खालून वर यायला वेळ लागत नाही, वरून खाली जायला लागतो." एवढंच पुन्हा पुन्हा. माझ्या मिटच्या टोकाला मातीने जे पांढुरकं घासलं गेलंय ते त्या संध्याकाळपासूनचं.

फर्स्ट बेसबद्दल एक वाक्य मी शेकड्याने ऐकलंय: जो कुठेच चालत नाही त्याला तिथे उभा करतात. मोठे, जड, वय झालेले, फक्त बॅटिंगसाठी ठेवलेले लोक. मला हे पटत नाही आणि ऐकून राग येतो. इनफिल्डमधल्या तिघांचं बहुतेक काम याच माणसाच्या हातात संपतं. शॉर्टस्टॉपचा थ्रो वाकडा आला आणि सुटला तर एरर शॉर्टस्टॉपच्या नावावर लागते. तोच वाकडा थ्रो फर्स्ट बेसमनने मातीतून उचलला तर स्कोअरबुकात फक्त ६-३ असं लिहितात. शॉर्टस्टॉप सहा, फर्स्ट बेस तीन. सुंदर थ्रो असला तरी ६-३, आणि धुळीतून ओढून काढला तरी ६-३.

माझी मुलगी दहा-अकरा वर्षांची झाल्यावर आमच्या संघाचं स्कोअरबुक लिहायला लागली. तिला हे खटकलं. तिने स्वतःच एक खूण काढली: मातीतून उचललेल्या झेलासाठी त्या तीनच्या शेजारी एक लहान टिंब. सीझन संपला की टिंबं मोजायची. २०१६ मध्ये ४१ होती. तो माझा सगळ्यात चांगला उन्हाळा.

मधल्या काळात कॅब्रेराचं चाललेलं मी फर्स्ट बेसच्या बाजूच्या स्वस्त खुर्च्यांतून पाहत होतो. २०१२ मध्ये टायगर्सनी प्रिन्स फील्डरला घेतलं, तोही फर्स्ट बेसमन. कॅब्रेरा एवढा मोठा खेळाडू, नाही म्हणू शकला असता. तो पुन्हा थर्डवर गेला, आणि त्याच वर्षी .३३० सरासरी, ४४ होमरन, १३९ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेले रन) अशी ट्रिपल क्राउन घेतली, म्हणजे तिन्हींत लीगमध्ये पहिला. १९६७ नंतर कोणाला जमली नव्हती. फील्डर गेल्यावर २०१४ पासून कॅब्रेरा परत फर्स्टवर आला. मला तो बॅट घेतलेला आवडायचाच, पण त्याहून जास्त आवडायचा तो बेसवर. विरुद्ध संघाचा रनर आला की त्याच्याशी गप्पा, हसणं, पाठीवर थाप. आणि हे चालू असताना बेस सोडून उभ्या रनरला टिपायला पिचरचा अचानक पिकऑफ थ्रो आला की मिट बरोबर रनरच्या हातावर.

मग शरीर. २०१८ च्या जूनमध्ये बॅट फिरवताना त्याच्या दंडाचा स्नायूबंध तुटला आणि सीझन गेला. त्यानंतर गुडघा. हळूहळू तो फक्त बॅटिंगपुरता उरला. त्याच सुमारास माझा उजवा गुडघाही कुरकुरायला लागला होता. सकाळी जिना उतरताना कठडा धरायला लागलो होतो.

२०१९ मध्ये आमची एक मॅच मिशिगन आणि ट्रंबल या रस्त्यांच्या कोपऱ्यावर झाली. इथे टायगर स्टेडियम होतं, १९९९ पर्यंत टायगर्स तिथेच खेळायचे. ते पाडलं, बरीच वर्षं जागा पडून होती, आता तिथे मुख्यतः मुलांसाठी मैदान केलंय. कृत्रिम गवत आहे, पण सेंटर फील्डमधला १२५ फुटी जुना झेंड्याचा खांब तोच. मी फर्स्ट बेसवर उभा राहिलो तेव्हा पाय लटपटत होते, कारण तिथे काय घडलं ते मला माहीत होतं.

न्यूयॉर्क यँकीजचा लू गेहरिग. फर्स्ट बेसमन, माझ्यासारखाच डावऱ्या हाताने फेकणारा. १९२५ पासून एकही मॅच न चुकवता सलग २,१३० खेळला. १९३९ च्या एप्रिलमध्ये त्याला काहीतरी होतंय हे सगळ्यांना दिसत होतं. आठ मॅचमध्ये चार हिट्स. एप्रिलच्या शेवटी एक साधा ग्राउंडर त्याच्याकडे आला, पिचर जॉनी मर्फी बेसवर धावत गेला, गेहरिगने त्याला चेंडू दिला, आउट. रोजचं काम. पण सोबत्यांनी त्याची पाठ थोपटली, छान खेळलास म्हणाले. तेव्हा त्याला कळलं. दोन दिवसांनी, २ मे रोजी, डेट्रॉईटला आल्यावर त्याने मॅनेजर जो मॅकार्थीला सांगितलं, आज मला खेळवू नकोस. कार्ड घेऊन स्वतः अंपायरकडे गेला. या मैदानावर. त्या दिवशी यँकीज २२-२ जिंकले आणि तो डगआउटमध्ये बसून होता. त्याच्या आधी फर्स्ट बेसवर असलेला वॉली पिप योगायोगाने त्या दिवशी प्रेक्षकांत होता. दोन वर्षांनी, ३७ व्या वर्षी गेहरिग गेला. स्नायू निकामी करत नेणाऱ्या त्या दुखण्याला (एएलएस) इथे लोक अजून त्याच्याच नावाने ओळखतात.

मॅचनंतर मी डाव्या हाताने बेसला स्पर्श केला आणि तोच हात कपाळाला लावला. कोणी काही विचारलं नाही.

२०२२ च्या जुलैत एका मॅचमध्ये थर्डवरून थ्रो आला. पुढे एक लांब टप्पा, कमरेएवढा, मिटच्या मधोमध. माझ्या मुलीनेही ज्याला टिंब दिलं नसतं असा. आउट झाला आणि आमचा सेकंड बेसमन धावत येऊन म्हणाला, "काय मस्त घेतलास!" थर्डवाल्यानेही हात वर केला. सगळे मनापासून म्हणत होते. मी मान हलवली आणि पुढची इनिंग संपेपर्यंत माझ्या छातीत धडधडत होतं. घरी येऊन स्कोअरबुकं काढली. त्या वर्षी टिंबं तोवर नऊ होती.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या ५० टाकते, बघा." दुसऱ्या दिवशी टाकले. ३१ राहिले. ती काही बोलली नाही, आत जाऊन चहा ठेवला.

आमच्या संघात एक नवा डावरा मुलगा आला होता, बत्तिशीचा, राइट फील्डमध्ये अवघडून उभा असायचा. ऑगस्टमध्ये मी मॅनेजरना विचारलं आणि ते जुनं काळपट मिट त्याला दिलं. त्याआधी त्याची सुटलेली चामड्याची वादी बदलून घेतली, तेल लावून दोन रात्री गादीखाली ठेवलं. पहिल्याच रविवारी तो पाय आधीच ताणून उभा राहिला. मी डगआउटमधून ओरडलो, "बॉल बघ, मग पाय!" मॅनेजर शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

१ ऑक्टोबर २०२३ ला मी आणि मुलगी टायगर्सच्या मैदानावर, कोमेरिका पार्कला, गेलो. कॅब्रेराची शेवटची मॅच, पुन्हा क्लीव्हलंडविरुद्ध. ३,१७४ हिट्स आणि ५११ होमरन करून तो थांबत होता. दिवसभर तो फक्त बॅटिंगला येत होता. आठव्या इनिंगला डगआउटमधून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात फर्स्ट बेसचं मिट होतं. २०२१ नंतर तो तिथे उभा राहिला नव्हता. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. मुलीने स्कोअरबुक छातीशी धरलं होतं.

स्टीव्हन क्वानने चेंडू मारला. जमिनीवरून, सरळ त्याच्याकडे. कॅब्रेराने उचलला आणि स्वतःच जाऊन बेसवर पाय ठेवला. कोणाकडे फेकायची गरजच नव्हती. लगेच त्याला बदललं. तो सोबत्यांना मिठ्या मारत बाहेर गेला, आणि माझ्या आजूबाजूला दाढीवाले बापे रडत होते.

मुलीने पेन्सिल उघडली, त्या चौकोनावर टेकवली आणि माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हा थ्री-यू ना?"

"हो," म्हटलं. "एकट्याने केलेला. तीन-यू."